बत्तीवरचा रिलीफ

जबलपूरहून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र लांबच आहे. सहावीच्या मुलांना मी दरवर्षी नकाशावर बोट ठेवून हे दाखवत असे: आपण इथं, देशाच्या पोटात, पाणी म्हणाल तर नर्मदा. अशा गावात, गढा नावाच्या जुन्या वस्तीतल्या एका बोळात, दुसऱ्या मजल्यावर, मी एका दीपगृहात अडकून पडले होते. बरेच दिवस हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोकांनी आधी मलाच डॉक्टरकडे नेलं असतं.

दीपगृह सासऱ्यांचं. मी त्यांना मामाजी म्हणते. आमच्या विदर्भाकडच्या सुना सासऱ्याला असंच म्हणतात. ते मूळचे वर्ध्याकडचे. विहिरीपेक्षा मोठं पाणी घराण्यात कोणी पाहिलेलं नव्हतं. तरुणपणी केंद्र सरकारच्या नोकरीसाठी अर्ज केला आणि नेमणूक आली ती थेट कोकणात, किनाऱ्यापासून आत, समुद्रातल्या एका खडकावरच्या दीपगृहावर. पुढे सगळी नोकरी या दीपगृहावरून त्या दीपगृहावर जाण्यात गेली. पण दीपगृह हा शब्द काही त्यांच्या तोंडी नव्हता. त्यांच्यात सगळे 'बत्ती'च म्हणत. अमक्या बत्तीवर होतो, तमक्या बत्तीवर बदली झाली. निवृत्त झाल्यावर ते जबलपूरला आले, कारण मुलगा इथल्या फॅक्टरीत होता. मग सासूबाई गेल्या, मामाजींची आठवण जायला लागली, आणि नेमकी तेव्हाच माझ्या नवऱ्याची बदली महाराष्ट्रातल्या एका फॅक्टरीत झाली. मूलबाळ आम्हाला नाही. घरात उरलो आम्ही दोघं.

नवी नवरी होते तेव्हा मला त्यांच्या गोष्टी फार आवडत. पूर्वी म्हणे बत्ती म्हणजे डोंगरावर पेटवलेला जाळ. लाकडं, गोवऱ्या, पुढे दगडी कोळसा. वारा फिरला की धूर समुद्राकडे, म्हणजे जहाजाला काहीच दिसायचं नाही. मग तेलाचे दिवे आले आणि काजळी पुसण्यात माणसांच्या रात्री गेल्या. मग दिव्याभोवती भिंग बसलं, पुरुषभर उंचीचं, काचेच्या कड्यांवर कडी रचलेलं, आणि एवढासा दिवा क्षितिजापर्यंत दिसायला लागला. मामाजी नोकरीला लागले तेव्हा रॉकेलची मेन्टलची बत्ती होती, लग्नाच्या वरातीत असायची तशीच, फक्त दांडगी. भिंग फिरवायला घड्याळासारखं यंत्र आणि त्याला मनोऱ्याच्या पोकळीत सोडलेलं वजन. वजन तळाला टेकलं की हँडल मारून परत वर घ्यायचं, म्हणजे पुन्हा भिंग फिरायला मोकळं. आणि एवढं जड भिंग एका बोटानं ढकललं तरी फिरावं म्हणून ते पाऱ्यावर तरंगत ठेवलेलं. पाऱ्याच्या वाफेनं बत्तीवाल्यांची डोकी फिरतात असं किनाऱ्यावरचे कोळी म्हणत. मामाजी पाहुण्यांना हे सांगायला लागले की सासूबाई आतून म्हणायच्या, "यांचा पारा त लग्नातच चढला होता, तवा कुठची बत्ती होती!"

खोट्या बत्तीची गोष्ट मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगायला लावत असे. अंधाऱ्या रात्री गुरांच्या शिंगांना कंदील बांधून त्यांना किनाऱ्यानं हिंडवायचं. जहाजाला वाटायचं, पुढे आणखी एक जहाज चाललंय, म्हणजे वाट मोकळी आहे. ते यायचं ते थेट खडकावर, आणि मग जो माल वाहून येईल तो गावाचा. हे खरं घडलं होतं की नुसती सांगोवांगी, हे मामाजींनाही ठाऊक नव्हतं. "कोणी पाह्यलं?" ते म्हणायचे. "पण म्हणूनच त हरेक बत्तीची चाल येगळी ठेवली." उजेड सगळ्या बत्त्यांचा सारखाच असतो, ही कोणती बत्ती हे खलाशी अंधार मोजून ओळखतो, दोन झळकींच्या मधे किती वेळ काळोख राहिला त्यावरून. हे मी शाळेत मुलांना सांगितलं तेव्हा वर्ग शांत झाला होता. आमचा वर्ग सहसा शांत होत नाही.

सिव्हिल लाइन्समधल्या एका शाळेत मी सामाजिक शास्त्र शिकवते. आमच्या स्टाफरूमच्या भिंतीवर एक दीपगृह आहे. लाटा उसळलेल्या, आकाशात वीज, आणि खाली उपदेशाचं एक इंग्रजी वाक्य. येणारे जाणारे त्याच्याकडे पाहून प्रसन्न होतात. मला त्या चित्राचा राग येतो. चित्रात माणूस नसतो. जो आत बसलाय, ज्याला खाली उतरता येत नाही, ज्याचं मीठ संपलंय, तो काढायला चित्रकाराला काय झालं होतं? आणि मुळात दीपगृह काही कोणाला बोलवत नाही. 'इकडे येऊ नका, इथं खडक आहे' एवढंच ते रात्रभर सांगत असतं. हे मी बाकीच्या टीचर लोकांना एकदा ऐकवलं होतं. त्यांनी माझ्यापुढे समोशांची प्लेट सरकवली.

तर आता पडद्यांचं सांगते. दिवसा बत्तीच्या खोलीचे पडदे ओढून ठेवायचे, हा या कामातला जुना नियम. जे भिंग दिव्याचा उजेड लांब फेकतं, तेच उन्हात उलटं काम करतं; सगळं ऊन एका ठिपक्यात गोळा करतं आणि आतलं काहीही पेटवून देतं. म्हणून सूर्य उगवला की पडदे बंद, मावळला की उघडे. आठवण गेली त्यात मामाजींचं बाकी बरंच काही गेलं, सासूबाईंचा चेहरा गेला, माझं नाव गेलं, पण हा नियम राहिला. आमच्या दोन खोल्यांचे पडदे सकाळी ओढले जात ते दिवेलागणीपर्यंत. मे महिन्यात अख्खं जबलपूरच पडदे ओढून बसतं, तेव्हा कोणाला वावगं वाटत नाही. पण पौष-माघात, सगळा मोहल्ला गच्चीवर उन्हात बसून मटार सोलत असतो, तेव्हा आम्ही भर दुपारी ट्यूबलाइटखाली. पडदा मी बोटभर जरी सरकवला तरी आतून आवाज यायचा, "काहून उघडला? आग लावतं का घराले?" पहिल्या पहिल्यांदा मी समजावत असे. मग भांडायला लागले. मग तेही सोडलं आणि मुकाट्यानं ट्यूब लावायला लागले.

आणि मग बत्तीचा घोळ झाला. जबलपुरात बत्ती म्हणजे वीज. वीज गेली की आमच्या बोळातली लहान मोठी सगळी पोरं एका सुरात ओरडतात, "बत्ती गुल!" आणि सगळे हसतात. एका संध्याकाळी मी कणीक मळत होते, तेव्हा हे झालं. ज्या माणसानं उभ्या जन्मात बत्ती विझण्याची एकच भीती बाळगली, त्याच्या कानावर ते शब्द पडले. मी मेणबत्ती शोधेपर्यंत पलंग रिकामा. खालून शेजारीण ओरडत होती, "भाभी, अंकल जी टंकी पर चढ़ गए!"

मी पिठाच्या हातांनीच गच्चीवर पळाले. मामाजी पाण्याच्या टाकीवर उभे होते, वाऱ्यात, धोतराचा सोगा सुटलेला, हातात टॉर्च. टॉर्च पुढे धरायचे, मग तळहातानं झाकायचे, ओठ हलवत मोजायचे, परत उघडायचे. खाली गढ्याची घरं, डबकी, स्कूटर, कुत्री, आणि हे तिकडे कुठल्यातरी जहाजाला वाट सांगत होते. मी शिडीवर चढून त्यांचा पाय धरला. तेवढ्यात वीज आली. "जहाज गेलं ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "गेलं." मग ते शहाण्यासारखे खाली उतरले. मला मात्र शिडी सोडवेना.

दिवसा त्यांच्याकडे पाहायला एक बाई ठेवली होती, तिनं दुसऱ्या दिवशी येणं बंद केलं. डॉक्टर म्हणाले, यांना एकटं सोडू नका. नवरा फोनवर म्हणाला, "चलो, काहीतरी करू." काहीतरी म्हणजे मी. गच्चीच्या दाराला कुलूप लागलं, जिन्याच्या लोखंडी जाळीला कुलूप लागलं, आणि मी शाळेतून बिनपगारी सुट्टी घेतली. कुलूप आतून मीच लावत असे. किल्ली माझ्याकडेच होती, त्यामुळे मला कोंडलंय असं मला म्हणताही येत नव्हतं.

त्या दिवसांबद्दल गोड काही सांगता येत नाही. भाजीवाला टोपली दोरीला बांधून भाजी वर पाठवायचा. कमानिया गेटच्या बाजारात शेवटची कधी गेले होते ते आठवेना. दुपारी मी जाळीशी येऊन उभी राहायचे आणि बोळातून जाणाऱ्या माणसांचे पाय पाहायचे, कारण आमच्या जिन्यावरून तेवढेच दिसतात. मामाजींचा मला राग येत नसे असं नाही. खूप येई. कधीकधी त्यांना जेवण वाढताना मनात येई की, यांना समुद्रानंच ठेवून घेतलं असतं तर बरं झालं असतं. मग मीच घाबरून त्यांच्या पानात तूप वाढायचे.

लोक मात्र कौतुक करत. नातेवाईक म्हणायचे, आजकाल कोण करतं एवढं! नवरा म्हणायचा, तुझ्यासारखी तूच, मी तर वेडा झालो असतो. असं म्हणून तो फोन ठेवायचा. अशा कौतुकाचं मला काय करायचं ते कळत नसे.

मग उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेच्या प्राचार्या मॅडमचा फोन आला. त्या वाईट नाहीत. माझी जागा त्यांनी ओढूनताणून सांभाळली होती. म्हणाल्या, शाळा उघडेल त्या दिवशी हजर झालात तर ठीक, नाही तर मला दुसरी टीचर घ्यावी लागेल, मेरे हाथ में अब कुछ नहीं है. मी "जी मैडम" म्हटलं आणि फोन ठेवून ओट्याशी बसून राहिले. नोकरी म्हणजे माझ्याकडे दुसरं होतं तरी काय? खिडक्या उघड्या असलेला एक वर्ग, माझं नाव घेऊन हाक मारणारी चार माणसं, आणि संध्याकाळी घरी परत येण्याची सोय. ती गेली असती तर मी त्या दोन खोल्यांतून परत कधी बाहेर पडले असते असं मला वाटत नाही.

नागपूरला माझी नणंद असते. तिचं घर तळमजल्यावर आहे, अंगण आहे, माणसं आहेत. ती मामाजींना न्यायला कधीचीच तयार होती. प्रश्न एवढाच होता की मामाजी निघायला तयार नव्हते. दिवाळीत नवऱ्यानं एकदा न्यायचा प्रयत्न केला, तर त्यांनी जिन्याची जाळी दोन्ही हातांनी धरली आणि असा आकांत मांडला की शेजारी गोळा झाले. "रिलीफ आला नाही अन् मी बत्ती सोडू? नोकरी घेतं का माह्यी?"

रिलीफ म्हणजे तुम्ही समजता तो आराम नव्हे. बत्तीवरच्या माणसांत रिलीफ म्हणजे बदलीचा माणूस. खडकावरच्या बत्तीवर तो बोटीनं येणार, तुमच्याकडून चार्ज घेणार, आणि मग त्याच बोटीनं तुम्ही घरी जाणार. तो येईपर्यंत कोणी मेलं, कोणी जन्मलं तरी जागा सोडायची नाही. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोट बंद आणि रिलीफही बंद. एका पावसाळ्यात मामाजी आणि त्यांचा जोडीदार असे अडकले होते. भात आणि मीठ उरलं, मग नुसता भात. शेवटी शेवटी दोघं एकमेकांशी बोलेनात, एकमेकांकडे पाठ करून जेवत. मामाजींच्या मनानं आता तोच पावसाळा धरला होता. रोज सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, "रिलीफ आला काय?"

"नाही मामाजी."

"बोट दिसून राह्यली काय?"

"नाही."

"मंग चहा ठेव."

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी नणंद गाडी आणि ड्रायव्हर घेऊन आली. एका रात्रीचे कपडे घेऊन आली होती. सकाळी बाबांना घेऊन परत निघायचं, असा तिचा बेत. संध्याकाळी स्वयंपाकघरात आम्ही दोघी बोलत बसलो. ती म्हणाली, "वैनी, बाबा निघतील कसे? परत जाळी धरली त?"

मी म्हटलं, "रिलीफ पाहिजे ना त्यांना? मग रिलीफ आणू."

"कुठून आणता? दुकानातून?"

"मीच होते."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू अंधारात राहून राहून हिचंही डोकं गेलं. पण रिलीफ कसा दिसतो हे जबलपुरात माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? इतक्या वर्षांच्या गोष्टी माझ्या कानांवरून गेल्या होत्या. रिलीफच्या हातात बॅग असते, अंगावर रेनकोट असतो, आणि रिलीफ नेहमी गुडघ्यापर्यंत ओला असतो. बोट खडकाला टेकत नाही. लाट वर आली की उडी मारायची आणि पाण्यातून चढायचं. कोरड्या पायांनी आलेला माणूस रिलीफ नव्हे, तो तपासणीचा साहेब. त्याच्यासाठी फळी टाकतात.

सकाळी मी किल्ल्या नणंदेकडे दिल्या आणि खाली उतरले. जिन्याखालच्या नळावर बादली भरली, सलवार गुडघ्यापर्यंत भिजवली, नवऱ्याचा रेनकोट चढवला, त्याची रेक्झिनची बॅग उचलली. दूधवाल्यानं हे सगळं पाहिलं आणि सायकल वळवली. मी पायांनी पाणी ठिबकवत जिना चढले. नणंदेनं जाळी उघडली आणि मोठ्यानं म्हणाली, "बाबा, रिलीफ आला."

मामाजींनी आधी माझे पाय पाहिले. मग हळूहळू वर पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला शरमल्यासारखं झालं. माझ्याकडे पाहून त्या घरात इतक्यात कोणी असं आनंदलं नव्हतं.

"आले काय! या, या. समुद्र कसा हाय?"

"खवळलाय," मी आवाज जाड करून म्हटलं.

"तरी आले! बाप्पा!"

त्यांनी स्वतः उठून मला माठातलं पाणी दिलं. मग चार्ज द्यायला लागले. माझ्याच घरातून मला फिरवलं. पडदे ओढलेले आहेत, पाहून घ्या. काचा पुसल्या आहेत. भिंतीवरचं घड्याळ बॅटरीचं, तरी म्हणाले, किल्ली दिली आहे. पिंपातलं पाणी अर्ध्यावर आलंय, जपून वापरा. माझ्याच कणकेचा डबा उघडून दाखवला आणि म्हणाले, "पोरकिडे नाही, चांगली हाय." मी प्रत्येक वेळी मान हलवत होते. शेवटी ते ताठ उभे राहिले. "घेतला चार्ज?"

"घेतला."

नणंदेनं त्यांच्या चपला पुढे ठेवल्या. तिच्या डोळ्यांत मला दिसत होतं की जमलं. माझ्याही छातीत तेच वाजत होतं: जमलं, आज मी शाळेत जाणार. मामाजींनी एक पाय चपलेत घातला आणि थांबले.

"एक सांगायचं राह्यलं," ते म्हणाले. नणंदेला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणला. "एक बाई हाय इथं."

"कोण बाई?"

"स्टाफमधली नाही. कोणीतरी तिले इथं सोडून गेलं. माह्याही आधीपासून अडकून हाय. रोज मले जेवू घालते. तिचा रिलीफ कोणी धाडतच नाही. मी रोज इचारतो, रिलीफ आला काय, त नाहीच म्हनते बिचारी. दुपारी त्या जाळीपाशी जाऊन उभी राह्यते, मले दिसते ना इथून." त्यांनी माझ्या रेनकोटची बाही धरली. "आधी तिले बोटीत बसवा. मंग मी जातो."

ते स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारायला लागले, "सूनबाई! ओ सूनबाई! रिलीफ आला, चाल!"

आणि मी तिथंच, त्यांच्या पुढ्यात, ओल्या पायांनी उभी. ओ देऊ कशी? ओ दिली तर मी रिलीफ नाही, मग चार्ज कोणाकडे? नाही दिली तर ती बाई सापडत नाही, आणि ती सापडल्याशिवाय ते हलणार नाहीत. आमच्या युक्तीनं आम्हालाच चांगलं अडकवलं होतं. नणंद माझ्याकडे पाहत होती आणि मामाजी हाका मारत होते, आता थोडे घाबरून, "सूनबाई! कुठं गेली ही?" रोज दुपारी मला पाहणारं त्या घरात कोणी असेल, असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. मला वाटायचं, त्यांना मी म्हणजे एक ताट आणि एक पाण्याचा पेला.

"मी पाहून येते," मी म्हटलं. बॅग नणंदेच्या हातात दिली, स्वयंपाकघरात गेले, रेनकोट काढला आणि ओट्याच्या कडेला धरून उभी राहिले. तोंडात ओढणीचा बोळा कोंबून रडले. मग चेहरा पुसून बाहेर आले.

"अगं, कुठं होती?" मामाजी म्हणाले. आता त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं नाही. बॅग घेतलेल्या नणंदेकडे बोट दाखवून म्हणाले, "हे आले पाह्य. चार्ज झाला. चाल आता, बोट थांबून हाय."

त्यांनी माझं कोपर धरलं आणि जिना उतरायला लागले. ज्यांना उतरवायला चार माणसं पुरली नव्हती, ते मला सांभाळून उतरवत होते. पायरी ओली आहे, हळू, म्हणत होते. पाणी माझ्याच सलवारीचं होतं. खाली बोळात ऊन होतं. त्यांनी डोळे बारीक केले. ड्रायव्हरनं गाडीचं दार उघडलं, मामाजींनी मला आत बसवलं आणि ओढणी दारात अडकत नाही ना ते पाहिलं.

नणंद पुढे झाली. "बाबा, तुम्ही पण बसा ना."

"दोघं कसे बसतील? समुद्र पाह्यला काय कसा हाय?" सात माणसांच्या रिकाम्या गाडीकडे पाहत ते म्हणाले. "एका खेपेले एकच. मी मागून येतो." आणि त्यांनी दार लावून टाकलं.

काचेतून नणंद माझ्याकडे पाहत होती. तिला घरी सासू होती, मुलाची परीक्षा होती, आणि पिशवीत एकच साडी. मला वाटलं, आता ती दार उघडून म्हणेल, वैनी उतरा, हे असं नाही जमत. मी उतरायला तयारही झाले होते. हात हँडलवर गेला होता. तिनं बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काच खाली करायची खूण केली.

"जा वैनी," ती म्हणाली. "शाळा आहे ना तुमची? मी आहे इथं."

मामाजींनी नावाड्याला इशारा करावा तशी गाडीच्या टपावर थाप मारली. पुढे नणंद किती राहिली, नवऱ्याला शेवटी इकडे बदलीचा अर्ज करायला कोणी लावलं, मामाजी आता कसे आहेत, ते सगळं वेगळं. त्या सकाळी मला यातलं काही माहीत नव्हतं. माझ्याकडे पर्स नव्हती, पायांत घरातल्या चपला होत्या आणि सलवार गुडघ्यापर्यंत ओली होती. बोळाच्या तोंडाशी ड्रायव्हरनं गाडी थांबवून आरशात पाहिलं.

"दीदी, जाना किधर है? मुझे तो बोला था, बाबूजी को नागपुर ले जाना है।"

मी म्हटलं, "सिव्हिल लाइन्स. स्कूल." आणि मग मला हुंदका आवरेना. त्यानं बिचाऱ्यानं पाण्याची बाटली मागे दिली. मामाजी अजून तिथंच उभे असतील हे मला ठाऊक होतं. बोट दिसेनाशी होईपर्यंत बत्तीवरचा माणूस आत जात नाही. पण मी मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उतरले असते.